एमूचं तेल, मुटियाल आणि माझी एक्सेल शीट

मागच्या सोमवारी आमच्या टीममधला एक पोरगा मेलबर्नहून परत आला. तीन महिन्यांची ऑनसाईट. ऑनसाईटहून येणाऱ्याने चॉकलेटं आणायची हा आयटीतला अलिखित नियम, तो त्याने पाळला. पण चॉकलेटांबरोबर बॅगेतून एक छोटी तपकिरी बाटली पण निघाली. आईच्या गुडघ्यांसाठी आणली होती. बाटलीवर एका उंच मानेच्या पक्ष्याचं चित्र.

"एमू ऑईल आहे," तो म्हणाला. "तिकडचे आदिवासी हजारो वर्षं वापरतात म्हणे. सांधे, स्किन, भाजणं, सगळ्यावर चालतं."

सगळ्यांनी बाटली हातात घेऊन पाहिली, वास घेतला, कुणीतरी किंमत विचारून ती रुपयांत करून पाहिली आणि "बाप रे" म्हटलं. माझ्याकडे बाटली आली तेव्हा मी काहीच बोललो नाही. एरवी मी कशावरही पाच मिनिटं बोलू शकतो, त्यामुळे ते लोकांच्या लक्षात आलं. "काय रे, व्हेज झालास का?" असा एक विनोदही झाला.

मंडळी, गोष्ट अशी आहे की मी एमू जवळून पाहिलेला आहे. प्राणिसंग्रहालयात नव्हे, कुडाळ तालुक्यात. आमच्या काकांच्या परड्यात. आणि तो तिथे यायला थोडाफार मी कारणीभूत आहे. म्हणून या तेलाबद्दल माझं एक मत आहे आणि ते आज सांगून टाकतो. तेल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे जे विकलं गेलं ते तेल कधी नव्हतंच, असं माझं म्हणणं आहे.

साल २०१०. काका एसटीतून नुकतेच रिटायर झाले होते. फंडाचे पैसे बँकेत पडून होते आणि कोकणातल्या कुठल्याही रिटायर माणसासारखे ते "आता कायतरी करूक होया" या अवस्थेत होते. काजू होते, थोडे आंबे होते, पण त्यात काकांना थ्रिल नव्हतं. अशात कुणीतरी त्यांच्या हातात एक गुळगुळीत कागदाचं पत्रक दिलं. एमू पालन. कंपनी पिल्लं देणार, ट्रेनिंग देणार, अंडी परत विकत घेणार. लेखी करार. पत्रकाच्या मागच्या पानावर तेलाची बाटली आणि तिच्याखाली भलीमोठी यादी: संधिवात, इसब, भाजणं, सुरकुत्या, केस गळणं. एका पक्ष्यातून चार-पाच लिटर तेल निघतं आणि लिटरला हजारो रुपये मिळतात, असंही त्यात होतं. मांस कोलेस्टेरॉल-फ्री (हे तर सरळ खोटं, कोलेस्टेरॉल नसलेलं मांस कुठल्याच प्राण्याचं नसतं), कातडं पर्ससाठी, पिसं शोभेसाठी, नखं दागिन्यांसाठी. म्हणजे आपल्या माडाच्या झाडासारखंच, काही म्हणून वाया जात नाही.

काका हुशार माणूस. त्यांनी लगेच पैसे भरले नाहीत. त्यांनी मला फोन केला. "तू कंप्युटरवालो मा? ह्या जरा गणित करून बघ."

आणि मी केलं.

तेव्हा मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती आणि एक्सेलमध्ये जगातलं सगळं मावतं असा माझा समज होता. एका शनिवारी दुपारी मी बसलो आणि ती शीट बनवली. चार जोड्या. जोडीला वीस हजार. कुंपण, शेड, पाण्याची टाकी. रोज एका पक्ष्याला पाऊण-एक किलो खाद्य. दोन वर्षांनी अंडी सुरू. पहिल्या मोसमात मादीमागे पंधरा, मग पंचवीस. अंड्याला बायबॅक हजार रुपये. मी तर दुसरं टॅब पण केलं: अर्धी अंडी कंपनीला विकायची, अर्धी उबवून कळप वाढवायचा. सातव्या वर्षी पाचशेच्या वर एमू! हिरव्या रंगाची रेघ, आधी आडवी आणि मग एकदम आकाशात. त्या रेघेचा मला इतका अभिमान वाटला की मी तिचा कलर प्रिंटआऊट काढून गणपतीला गावी घेऊन गेलो.

त्या शीटमध्ये एकही फॉर्म्युला चुकीचा नव्हता. हे मी अजूनही शपथेवर सांगतो. चूक एका सेलमध्ये होती. बायबॅक दर, एक हजार. हा आकडा मी पत्रकातून उचलून हार्डकोड केला होता. अंडं हजाराला घेणारी कंपनी त्या अंड्याचं पुढे काय करते, हे विचारणारा कॉलमच शीटमध्ये नव्हता. नवीन क्लायंटच्या प्रोजेक्टमध्ये मी हे केलं असतं तर मॅनेजरने मला उभं केलं असतं. पण काकांच्या फंडाला कोड रिव्ह्यू कोण करणार?

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही ओळखलं असेलच. पिल्लं आली. गोड दिसतात हो, अंगावर पट्टे असतात. काकी त्यांना "उंटाची पोरां" म्हणायची. वर्षभरात ती पाच फुटांची झाली. आमच्याकडच्या पावसात ती टिकतील का अशी सगळ्यांना धास्ती होती (सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो), पण पक्ष्यांना पाऊस आवडला. भर पावसात परड्यात आडवेतिडवे धावत, डबक्यात लोळत. पावसाने मारलं ते खाद्याला. आषाढात पोत्याला बुरशी लागायची आणि अख्खं पोतं फेकावं लागायचं. माझ्या शीटमध्ये बुरशी नव्हती.

आणखी एक गंमत. एमूत नर-मादी दिसायला सारखेच. मोठे झाल्यावर आवाजावरून कळतं, मादी ढोल वाजवल्यासारखी घुमते आणि नर घुरघुरतो. म्हणजे पिल्लांची 'जोडी' ही विश्वासाची बाब. आमच्या चार जोड्यांत पाच घुरघुरणारे निघाले.

२०१२ च्या पावसाळ्यात कंपनीचा फोन लागेनासा झाला. आधी "साहेब मीटिंगमध्ये आहेत", मग नुसती रिंग, मग तीपण नाही. त्या हिवाळ्यात पहिली अंडी आली. गर्द हिरवी, हातात दगडासारखी जड, अर्ध्या किलोच्या वर. एकूण नऊ. घेणारा कुणी नाही. एका अंड्यात कोंबडीच्या दहा-बारा अंड्यांएवढा ऐवज, त्यामुळे एका अंड्याच्या पोळीत अख्खी वाडी जेवली. बाकीची काकीने शेजारीपाजारी वाटली. माझ्या हिशेबाने ते नऊ हजार रुपये होते.

काकांचे सगळे मिळून दोन लाखांच्या वर गेले. काका काही रस्त्यावर आले नाहीत, पेन्शन होती, घर होतं. पण ज्या वर्षी त्यांनी घराचं छप्पर करायचं ठरवलं होतं त्या वर्षी ते झालं नाही, पुढची चार वर्षं झालं नाही. दर पावसाळ्यात फोनवर मागे पातेल्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज यायचा. मला एका शब्दानेही ते कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता हे फक्त आमच्या काकांचं झालं असं नाही, म्हणून तर लिहायला बसलो. एमू भारतात आला तो १९९० च्या दशकात, आंध्रमार्गे. मग महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडू. २०१२ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यात मोठा आवाज झाला तो तामिळनाडूतल्या पेरुंदुराईच्या सुसी एमू फार्म्सचा. दीड लाख भरा, सहा पिल्लं घ्या, महिन्याला सहा हजार आणि वर्षाला वीस हजार बोनस मिळवा, अशी स्कीम. ज्यांना पक्षी सांभाळायचे नाहीत त्यांच्यासाठी तर 'व्हीआयपी' योजना होती, त्यात पक्षीही कंपनीच सांभाळणार, तुम्ही नुसते पैसे भरायचे! म्हणजे एमू सुद्धा ऑप्शनल :-) गुंतवणूकदार पोलिसांत गेले, चालक पकडले गेले आणि मागे राहिले हजारो भुकेले पक्षी, ज्यांना खायला घालायची जबाबदारी शेवटी सरकारवर आली.

आणि हे नवीनही नव्हतं. अमेरिकेत, विशेषतः टेक्सासमध्ये, हाच खेळ १९९० च्या दशकात होऊन गेला होता. तिथेही जोडीचा भाव हजारो डॉलरपर्यंत चढला, तिथेही तेल आणि लाल मांस यांच्याच बाता, आणि १९९८ च्या आसपास भाव इतका पडला की पक्ष्याला चारा घालणं परवडेना. काहींनी गेट उघडून सोडून दिले. हे सगळं २०१० मध्ये इंटरनेटवर होतं. मी टेक्सास असा शब्द टाकून सर्च केला असता तर दहा मिनिटांत सापडलं असतं. मी रेघेला हिरवा रंग देत बसलो होतो.

या धंद्यात जरा खोलात गेलं की एक गोष्ट लख्ख दिसते. जो पिल्लं घेतो तो पिल्लं विकायच्या आशेवर घेतो, आणि त्याची पिल्लं घेणाराही त्याच आशेवर घेतो. शेवटच्या टोकाला तेल काढणारा कुणीतरी हवा ना? पक्षी रीतसर कापायला जागा हवी, चरबी वितळवून गाळायला, शुद्ध करायला यंत्रणा हवी, ते तेल रोज विकत घेणारी गिऱ्हाइकं हवीत. ते जवळजवळ कुठेच नव्हतं. तेल फक्त पत्रकाच्या मागच्या पानावर होतं. ते गुडघ्याला लावायचं तेल नव्हतंच, स्कीमला लावायचं वंगण होतं.

मला वाटलं होतं २०१२ नंतर शहाणपण येईल. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातलं इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण आलं. पक्षी बदलला, एमूऐवजी काळी कोंबडी. पिल्लं कंपनी देणार, अंडी-कोंबड्या कंपनी घेणार, काळ्या मांसाचे औषधी गुण. तेच पत्रक, फोटो तेवढे नवीन. सांगली, सातारा, कोल्हापूरकडचे कितीतरी शेतकरी त्यात अडकले. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची खरीखुरी, चांगली जात आहे, २०१८ मध्ये तिला जीआय मानांकनही मिळालं. कोंबडीचा बिचारीचा काय दोष? एमूचाही नव्हता.

असो. तर तेलाकडे येऊ.

ऑस्ट्रेलियातले मूळनिवासी एमूची चरबी खरोखर वापरत आले आहेत, त्यात खोटं काही नाही. शिकार केलेल्या पक्ष्याची चरबी उन्हाच्या उष्णतेने वितळू द्यायची, दुखऱ्या सांध्यांना चोळायची, जखमेला, कोरड्या कातडीला लावायची, गेरूसारख्या मातीत कालवून अंग रंगवायची, लाकडी हत्यारांना पाजायची. पण लक्षात घ्या, तिथे एमू हा आधी अन्न आहे, कथांमधला पूर्वज आहे, आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांत त्यांना एमूच दिसतो. तेल हा त्या सगळ्याचा एक कोपरा. बाटलीवर येताना त्यातलं फक्त 'हजारो वर्षं' एवढंच येतं. माणसं येत नाहीत, जागा येत नाही. आणि 'हजारो वर्षं' हा काही टेस्ट रिझल्ट नव्हे. आपल्याकडे बाजारात घोरपडीचं तेल, सांड्याचं तेल विकणारेही हेच म्हणतात (आणि तो वन्यजीव कायद्याखाली चक्क गुन्हा आहे, हे म्हणत नाहीत).

तेलात असतं काय? निम्म्याच्या जवळपास ओलेइक आम्ल, मग पामिटिक, लिनोलेइक, स्टिअरिक. ओलेइक ऐकून भारी वाटतं, पण आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही ते साधारण तितकंच असतं. उंदरांवर, घुशींवर प्रयोग झालेत, त्यात सूज कमी झाल्याचं दिसलंय, ते मी नाकारत नाही. माणसांवरच्या चाचण्या मात्र मोजक्या आणि लहान. त्यातली एक मला फार आवडते. ऑस्ट्रेलियातच झालेली. स्तनाच्या कर्करोगावरच्या काही गोळ्यांमुळे बायकांचे सांधे दुखतात, तर अर्ध्यांना एमूचं तेल चोळायला दिलं आणि अर्ध्यांना दुसरंच तेल, कुणाला काय मिळालं ते कुणालाच न सांगता. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं. एमूच्या गटाचं जास्त कमी झालं, असं नाही.

यावर हसू नका, हे फार महत्त्वाचं आहे. रोज कुणीतरी वेळ काढून दुखऱ्या सांध्याला तेल चोळतं, तर बरं वाटतंच. तेल कुठलं याला कमी किंमत आहे. भेगा पडलेल्या टाचेला कुठलीही चरबी लावली की आतला ओलावा उडून जायचा थांबतो आणि कातडी मऊ पडते. हे तेल लावायला चांगलंच असेल. पण इसब-केस-संधिवात-कर्करोग अशी यादी जिथे सुरू होते तिथे मी बाटली खाली ठेवतो. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आरोग्याच्या नावावरची फसवणूक कशी ओळखायची हे लोकांना समजावताना एमू तेलाचं उदाहरण घेतलं होतं. एकच औषध दहा आजारांवर चालतं म्हटलं की सावध व्हा, एवढा साधा नियम.

आता सगळ्यात मोठा विनोद सांगतो. ज्या घराच्या परड्यात परदेशी तेलाच्या आशेवर आठ एमू घुमत आणि घुरघुरत होते, त्याच घराच्या स्वयंपाकघरात फडताळावर एका करवंटीत पांढऱ्या-पिवळट रंगाचा, मुठीच्या आकाराचा एक गोळा कायम ठेवलेला असायचा. मुटियाल. कुणी मुठेल म्हणतं, गोव्याकडे भिरंडेल, शहरी भाषेत कोकमचं तेल आणि मॉलच्या भाषेत 'कोकम बटर'. काकी थंडीत चुलीजवळ बसून टाच शेकत त्याचा तुकडा घासायची. ओठ फुटले, मुटियाल. चटका बसला, मुटियाल. मासे कापताना बोट कापलं, तरी तेच.

ते बनवायची कृती मी लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत पाहिली आहे, पण अर्धीच, कारण उरलेलं काम पुढे होतं आणि तोवर शाळा सुरू झालेली असायची. पाऊस यायच्या आत रातांबे उतरवायचे. फोडून साल वेगळी, त्याची सोलं करायची, आगळ काढायचं. बिया मात्र टाकायच्या नाहीत. त्या धुऊन उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरून ठेवायच्या. मग सवड मिळेल तेव्हा फोडून गर काढायचा, व्हायनात कुटायचा, मोठ्या टोपात पाणी घालून उकळत ठेवायचा. हळूहळू वर तवंग येतो. रात्रभर निवू द्यायचं, सकाळी वर साय धरल्यासारखा थर घट्ट झालेला असतो. तो काढायचा, परत वितळवून गाळायचा आणि गार होता होता हाताने वळून गोळा करायचा. हाताच्या मुठीची वळणं त्यावर दिसायची. काकीचा गोळा आणि आजीचा गोळा आम्ही पोरं मुठीवरून ओळखायचो.

हे तेल घट्ट का राहतं? त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं, उरलेलं बहुतेक ओलेइक. साधारण चाळीस डिग्रीला वितळतं. म्हणजे करवंटीत दगड, पण अंगावर घासलं की विरघळायला लागतं. युरोपियन युनियनच्या २००० सालच्या चॉकलेटच्या नियमांत कोको बटरबरोबर पाच टक्क्यांपर्यंत घालता येणाऱ्या सहा वनस्पतिजन्य चरबींची यादी आहे, तिच्यात आपलं कोकम आहे. तो पोरगा मेलबर्नऐवजी ब्रसेल्सहून आला असता तर कदाचित चॉकलेटातून आमच्या बागेतलंच काहीतरी खाल्लं असतं!

मुटियाल एकटं नाही. किनाऱ्याला उंडीची झाडं आहेत, त्याच्या बियांचं कडू तेल दिव्यात जळायचं आणि दुखऱ्या गुडघ्याला चोळलं जायचं. त्याच झाडाचं तेल आज 'तमानू ऑईल' म्हणून दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांचे फोटो लावून इवल्याशा बाटलीत विकलं जातं. मालवणात लाकडी होड्यांना माशाचं तेल पाजायचे, बंदरावरचा तो वास ज्याने घेतलाय तो विसरणार नाही. फायबरच्या होड्या आल्या आणि तो वास गेला. मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, लिव्हरचं तेल तर दुसऱ्या महायुद्धात विलायती कॉड लिव्हर ऑईल यायचं बंद झालं तेव्हा सरकारांनी कारखाने काढून बनवलं, आणि अलेंबिकचं शार्कोफेरॉल नाक दाबून प्यायलेली एक अख्खी पिढी अजून हयात आहे. विचारून बघा घरी.

आता इथे माझ्यातला मालवणी उड्या मारायला लागतो की बघा, एमू कशाला, आपलं मुटियाल आहे ना! पण थांबा. एमूबद्दल जी परीक्षा लावली ती मुटियालालाही लावायला हवी. मुटियालाने टाच मऊ होते, हे खरं. कारण वर सांगितलंच. त्याने संधिवात जातो, सुरकुत्या जातात, असं कुणी म्हणालं तर मी तीच बाटली त्याच हाताने खाली ठेवेन. मला भीती वाटते ती याचीच. उद्या कुणीतरी 'कोकम बटर'चं गुळगुळीत पत्रक छापेल, रोपं आम्ही देणार, बिया आम्ही घेणार. आणि कोकमाच्या झाडातही नर-मादी वेगळी असतात बरं का! बियांपासून लावलं तर सहा-सात वर्षं वाढवल्यावर कळतं की हा नर आहे, याला फळ येणार नाही. आमच्या एमूसारखंच. कलमं लावली तर हा प्रश्न येत नाही, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता', 'कोकण हातीस' अशा जाती त्यासाठीच काढल्या आहेत. म्हणजे उत्तर उपलब्ध आहे, पण ते विचारायला कुणीतरी जायला हवं.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. एमूसाठी दोन लाख काढताना काकांना कुणी अडवलं नाही, मी तर प्रिंटआऊट दिला. पण त्याच काळात काकी म्हणत होती की वाडीतल्या चार बायका मिळून बियांचं तेल काढायचं छोटं मशीन घेऊया, रातांब्याच्या बिया अशाच उकिरड्यावर जातात. त्यावर घरात कुणी कागदसुद्धा घेतला नाही. मी पण नाही. का? कारण मुटियाल काकीच्या हातातलं होतं, फुकटचं होतं, त्याच्यावर पत्रक नव्हतं. त्याची रेघ आकाशात जात नव्हती. फार तर थोडीशी वर गेली असती. आम्हा शिकलेल्या लोकांना थोडीशी वर जाणारी रेघ दिसतच नाही. आणि बाईने सांगितलेली तर त्याहून नाही.

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं नाही. आईच्या गुडघ्यासाठी प्रेमाने आणलेली बाटली, तिच्यावर भाषण कशाला द्या? एवढंच म्हटलं की रोज रात्री तू स्वतः चोळून दे, आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू देऊ नकोस. त्याने खूश होऊन एक छोटं सॅम्पल मला दिलं. त्याच्याकडे दोन होती.

ते मी परवा कुडाळला घेऊन गेलो. काकांचा शेवटचा एमू २०१६ मध्ये म्हातारपणाशिवायच मेला, बाकीचे त्याआधीच कुणा ना कुणाला देऊन झाले होते. परड्यातलं उंच कुंपण अजून आहे, त्यावर आता तोंडल्याचा वेल चढलाय. शोकेसमध्ये एक हिरवं अंडं आहे, आतून रिकामं केलेलं. छप्पर झालंय.

काकीने बाटली उघडून वास घेतला. "ह्या त्याच पक्ष्याचा त्याल?" तिने एक थेंब मनगटावर घासला, बोटांनी चोळून पाहिला. "वायट नाय हा. पण आमच्या मुटियालापरीस पातळ." आणि झाकण लावून बाटली परत दिली.

काका झोपाळ्यावर होते. त्यांनी बाटली हातात घेतली, चष्मा वर करून लेबल वाचलं. मग विचारलं, "केदी मिलीची बाटली ही? आणि केवढ्याक?"

मी सांगितलं.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने काहीतरी लिहायला लागले. मी वाकून पाहिलं. आठ पक्षी. गुणिले पाच लिटर. गुणिले...

"काका, नको ना," मी म्हटलं.

काका हसले. पेन खिशात ठेवलं आणि वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवलं. "माका काय विचारतंस? गणित तुझाच हा."